राजापूरहून दिल्लीला जाऊ इच्छिणाऱ्यांस

आपण रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघातून लोकसभेवर जाण्याचे मनावर घेतले असेल, तर प्रथम आपले अभिनंदन आणि लगोलग एक सूचना: या मतदारसंघाचा इतिहास वाचायच्या भानगडीत पडू नका. २००९ पूर्वी यातील बहुतेक भाग राजापूर नावाने दिल्लीस ठाऊक होता, आणि त्या काळातील काही गोष्टी नवख्या उमेदवाराच्या आत्मविश्वासाला फार बाधक आहेत. तरीही वाचणारच असाल, तर निदान योग्य धडा घेऊन उठावे, एवढ्यासाठी हे चार शब्द.

सुरुवात १९५७ पासून करावी लागते. संयुक्त महाराष्ट्राच्या वाऱ्यात काँग्रेसची शिडे फाटली तेव्हा शेजारच्या रत्नागिरीने जनसंघाचे प्रेमजीभाई आशर निवडले आणि राजापूरने प्रजा समाजवादी पक्षाचे बॅरिस्टर नाथ पै. वेंगुर्ल्याचा हा माणूस १९६२ आणि १९६७ मध्येही निवडून आला. त्यांच्या नावावर साखर कारखाना नव्हता, शिक्षणसम्राटाचे पद नव्हते. होती ती केवळ वाणी, आणि मूलभूत हक्कांतही दुरुस्ती करण्याचा अधिकार संसदेला असावा म्हणून मांडलेले एक खासगी विधेयक. घटनादुरुस्तीवर वाद घालणाऱ्या माणसाला भातशेतीवर आणि मनीऑर्डरीवर जगणारा मतदार तीन वेळा का पाठवतो, हे कोडे सोडवण्यात वेळ दवडू नका. आजच्या प्रचारात त्याचा उपयोग नाही. भाषण लांबले तर ध्वनिक्षेपकवाला मात्र जादा पैसे मागतो.

नाथ पै जानेवारी १९७१ मध्ये गेले आणि त्यांच्या जागी मधु दंडवते आले. हे तर मूळचे नगरचे, मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवणारे. आज असा उमेदवार आला तर ‘स्थानिक नाही’ एवढ्या एका वाक्यावर त्याचा निकाल लागेल. तेव्हाच्या मतदाराला हे सुचले नाही. त्या निवडणुकीत इंदिरा गांधींच्या लाटेपुढे प्रजा समाजवादी पक्षाचे देशभरात दोनच खासदार उरले, त्यातले एक दंडवते. १९८४ च्या सहानुभूतीच्या लाटेत काँग्रेसने महाराष्ट्रातील ४८ पैकी ४३ जागा नेल्या, तेव्हाही राजापूर जागचे हलले नाही. १९७१ ते १९८९ अशा सलग पाच वेळा हे गृहस्थ निवडून आले. रेल्वेमंत्री असताना त्यांनी दुसऱ्या वर्गातील प्रवाशाच्या पाठीखालच्या लाकडी फळीवर फोमचे आवरण चढवले, पण खुद्द त्यांच्या मतदारसंघात तेव्हा त्या फळीवर बसायलाही गाडी नव्हती.

आता धड्याकडे लक्ष द्यावे. कोकणात रेल्वे नव्हती तोवर दंडवते निवडून येत राहिले. १९८९ मध्ये ते अर्थमंत्री झाले, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री झाले, १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, सह्याद्रीच्या पायथ्याशी बोगद्यांची कामे दिसू लागली, आणि १९९१ मध्ये मतदारांनी काँग्रेसच्या सुधीर सावंत यांना निवडून दंडवत्यांना घरी बसवले. शिवसेना त्या काळात कोकणात पाय रोवत होती, काँग्रेसविरोधी मते फुटली, अशी कारणे अभ्यासक सांगतील आणि ती खोटी नाहीत. पण आपण अभ्यासक नसून उमेदवार आहात. आपल्यासाठी अर्थ सोपा आहे: काम मागत राहावे, त्यासाठी झगडत राहावे, मात्र ते पुरे होण्याचा संभव दिसू लागताच सावध व्हावे. गाडी १९९८ च्या प्रजासत्ताकदिनी धावू लागली, तोवर येथील खासदार शिवसेनेचे सुरेश प्रभू होते.

प्रभूंचे उदाहरणही उद्बोधक आहे. १९९६ पासून चार वेळा निवडून आलेल्या, वीजमंत्री म्हणून नाव कमावलेल्या या सनदी लेखापालाला २००९ मध्ये काँग्रेसच्या निलेश राणे यांनी हरवले. पाच वर्षांनी प्रभू देशाचे रेल्वेमंत्री झाले, ते हरियाणातून राज्यसभेवर जाऊन. म्हणजे रेल्वे खाते पुन्हा कोकणच्या माणसाकडे आले, फक्त कोकणच्या मतदाराला त्यासाठी काही करावे लागले नाही.

पक्षनिष्ठेचा प्रश्न फार मनाला लावून घेऊ नये. राणे कुटुंबाने शिवसेना, काँग्रेस, स्वतःचा स्वाभिमान पक्ष आणि भाजप असा प्रवास केला. २०१४ आणि २०१९ मध्ये शिवसेनेच्या विनायक राऊत यांच्याकडून निलेश राणे दोनदा पडले, ते दोन वेगळ्या पक्षांच्या चिन्हांवर. आणि २०२४ मध्ये त्यांचे वडील नारायण राणे यांनी कमळावर राऊतांना सुमारे ४८ हजार मतांनी मागे टाकले.

प्रकल्पांविषयी भूमिका मात्र हवी, शक्यतो दोन. नाणारच्या तेलशुद्धीकरण कारखान्यासाठी २०१७ मध्ये जमिनीची अधिसूचना निघाली, ती शिवसेनेकडे असलेल्या उद्योग खात्याकडून. त्याविरुद्धच्या आंदोलनात शिवसेनाच पुढे होती. आणि २०१९ ची लोकसभा निवडणूक तोंडावर येताच ती अधिसूचना रद्द झाली. पुढे बारसूची जागा सुचवणारे पत्र केंद्राला गेले ते उद्धव ठाकरे मुख्यमंत्री असताना, आणि २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर लोक सर्वेक्षण अडवू लागले तेव्हा त्यांना पाठिंबा द्यायलाही तेच आले. प्रकल्प आणणारा आणि घालवणारा एकच असला, की विरोधकाला बोलायला उरतेच काय?

मुंबईचा चाकरमानी विसरू नका. तो गणपतीला आणि शिमग्याला येतो, गावच्या मतावर त्याचे वजन असते आणि येताना तो मुंबई-गोवा महामार्गावरील प्रत्येक खड्डा मोजून आलेला असतो. या महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. त्यानंतर खासदार बदलले, पक्ष फुटले, मुख्यमंत्री बदलले. दरवर्षी गणेशोत्सवापूर्वी होणारा मंत्रिमहोदयांचा पाहणी दौरा तेवढा बदलला नाही. दंडवत्यांच्या अनुभवापासून कोणी शिकले असेल, तर ते या रस्त्याने.

अखेर हिशेब. मतदारसंघात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर हे एका जिल्ह्यातले आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडी हे दुसऱ्या जिल्ह्यातले असे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत. २०२४ मध्ये पहिल्या तिघांनी राऊतांना आघाडी दिली, दुसऱ्या तिघांनी राण्यांना, आणि तळकोकणचे पारडे जड ठरले. तेव्हा कुठल्या जिल्ह्याचे व्हायचे ते आधी ठरवा, मग विकासाचे बोला. अर्ज भरायला रत्नागिरीच्या जिल्हाधिकारी कार्यालयातच जावे लागेल. सावंतवाडीहून निघणार असाल आणि मुदत शेवटच्या दिवशी दुपारी तीनची असेल, तर रेल्वेने जा. आणि पोहोचल्यावर वार्ताहरांशी महामार्गावर बोला.