वाचून संपवता येईल असा इव्हेंट लूप

गेली काही वर्षे मी इंदूरमध्ये बसून माळव्यातल्या बटाट्याच्या शीतगृहांसाठी तापमानावर लक्ष ठेवणाऱ्या उपकरणाचा प्रोग्राम लिहितो आहे. डबा तळहाताएवढा, आत ६४ एमबी रॅमचा लिनक्स बोर्ड, आरएस-४८५च्या तारेवर सेन्सर आणि बाहेरच्या जगाशी बोलायला मोबाइलचे सिम, एवढाच त्याचा संसार. सेन्सर वाचणे, तापमान चढले की भोंगा वाजवणे आणि सर्व्हरला आकडे पाठवणे ही सारी कामे एकाच थ्रेडमध्ये, म्हणजे कामाच्या एकाच धाग्यात, एक इव्हेंट लूप सांभाळतो; काय तयार आहे ते पाहायचे, त्याचे काम करायचे आणि पुन्हा वाट पाहायची, हे त्याचे चक्र. त्यासाठी मी लिबयूईव्ही ही अगदी लहान लायब्ररी घेतली. मोठी का घेतली नाही, असे मला वारंवार विचारले जाते.

लिनक्सपुरते बोलायचे तर लूपचे अवघड काम कर्नलनेच, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यानेच, अंगावर घेतलेले आहे. १९८३ सालच्या ४.२ बीएसडी या युनिक्स आवृत्तीतला सिलेक्ट हा कॉल दर वेळी डिस्क्रिप्टरांची (उघडलेल्या फाईली, जोडण्या यांच्या क्रमांकांची) सगळी यादी कर्नलपुढे ठेवायला लावतो, आणि लिनक्सवर तिला १०२४ची मर्यादा असते. २००३च्या अखेरीस आलेल्या २.६ कर्नलबरोबर ईपोल हा त्याला पर्याय सर्वांच्या हाती आला, तेव्हापासून डिस्क्रिप्टर एकदा नोंदवला की जे तयार असेल तेवढेच परत मिळते. पुढे टायमरएफडी आणि सिग्नलएफडी आल्यावर टायमर व सिग्नलही फाईल डिस्क्रिप्टरच झाले, म्हणजे तेही त्याच रांगेत उभे राहू लागले. त्यामुळे फक्त लिनक्सवर चालायचे असेल, तर लायब्ररी हे या सगळ्यावरचे एक पातळ आवरण उरते, आणि लिबयूईव्ही नेमके तेवढेच आहे.

लहान लूप म्हणजे नवशिक्यांचे खेळणे, हा समज मात्र मला मनापासून खटकतो. २००९मध्ये आलेल्या रेडिस या डेटाबेसने बाहेरची लायब्ररी घेतली नाही. त्याचे कर्ते साल्वातोरे सानफिलिप्पो यांनी आपल्या जिम या टीसीएल भाषेच्या इंटरप्रिटरसाठी लिहिलेला लूपच त्यात आणला. ‘एई’ नावाच्या त्या फाईलमध्ये टायमर एका साध्या, क्रम न लावलेल्या यादीत ठेवलेले आहेत आणि सर्वांत जवळचा टायमर शोधायला दर वेळी सगळी यादी चाळली जाते. पुस्तकी दृष्टीने ही चूक ठरेल, पण रेडिसला टायमर लागतात मोजके, आणि आपली गरज किती आहे हे लिहिणाऱ्याला पक्के माहीत होते. हे जाणतेपण मला हजार सोयींपेक्षा मोलाचे वाटते.

आता माझ्याकडून झालेली चूकही सांगायला हवी. एका उन्हाळ्यात रात्री नेटवर्क गेले की भोंगा उशिरा वाजतो, अशी तक्रार आली. मी बोर्डवर एसट्रेस, म्हणजे प्रोग्राम कर्नलकडे काय काय मागतो ते दाखवणारे साधन, लावून बसलो. ईपोलच्या ओळी सेकंदा-सेकंदाला सरकत होत्या आणि मध्येच थांबल्या. शेवटच्या ओळीत ५३ क्रमांकाच्या पोर्टकडे, म्हणजे नावावरून पत्ता सांगणाऱ्या डीएनएसकडे, गेलेली विचारणा आणि तिच्यापुढे ५००० मिलिसेकंदांची वाट. पाच सेकंद, पुन्हा तीच विचारणा, पुन्हा पाच. सर्व्हरचे नाव शोधणारे गेटअॅड्रइन्फो मी थेट कॉलबॅकमध्ये, म्हणजे लूप बोलावतो त्या फंक्शनमध्ये, लिहिले होते, ते ब्लॉक होत होते, आणि तेवढा वेळ सेन्सरकडे पाहायला कुणीच नव्हते.

माझा भाचा इथेच अभियांत्रिकी शिकतो. तो म्हणाला, “मामा, लिबयूव्ही घेतली असती तर हे झालंच नसतं.” त्याचे म्हणणे खरे आहे. लिबयूव्ही ही मोठी लायब्ररी सर्व्हरचे नाव शोधण्याची आणि फाईलींची कामे वेगळ्या थ्रेडांकडे सोपवते, असे थ्रेड मुळात चार असतात. विंडोजवरही चालायचे असते तर मीही तीच घेतली असती. पण साध्या फाईलींना ईपोल स्वीकारतच नाही, म्हणून तिथे थ्रेड लागतात, हे किती जणांना ठाऊक असते? सोय आयती मिळाली की तिच्यामागचे कारण विचारायचे राहून जाते. मी नाव शोधण्याचे काम एका वेगळ्या प्रोसेसकडे दिले, तिचा पाइप लूपमध्ये नोंदवला, आणि बिघाड नेमका कुठे होता ते मला एका रात्रीत सापडले, कारण लूपचा सगळा कोड मी आधीच वाचलेला होता.

आपल्या महाविद्यालयांत सिलेक्ट, ईपोल परीक्षेपुरते शिकवले जातात आणि मुले थेट मोठ्या फ्रेमवर्कवर जातात. त्याआधी त्यांच्याकडून एक लहान लूप पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून घ्यावा, असे मला फार वाटते. गेल्या रविवारी रामबागेतल्या घरी भाच्याबरोबर मी ‘एई’ वाचायला बसलो. टायमरच्या यादीपाशी तो थांबला आणि म्हणाला, “दोन हजार कनेक्शन असतील आणि प्रत्येकाला स्वतःचा टायमर असेल, तर?” तेव्हा ही यादी पुरणार नाही, सर्वांत जवळचा टायमर नेहमी वर ठेवणारी हीप ही रचना लागेल, आणि लिबेव्ह या दुसऱ्या लूप-लायब्ररीत ती आहे, एवढेच मी सांगितले. चहा निवेपर्यंत त्याने लिबेव्हची फाईल उघडली होती.