ई-सेलचा चार्ज मिळालाय? अभिनंदन!

तर सर, स्टाफ मीटिंगला तुम्ही पाच मिनिटं उशिरा पोचलात आणि तेवढ्यात प्रिन्सिपलनी ई-सेल, म्हणजे कॉलेजचा उद्योजकता कक्ष, तुमच्या गळ्यात मारली. घाबरू नका हो. उद्योजकता शिकवायला स्वतः धंदा केलेला असावा लागतो असं कुठे लिहिलंय? उलट नसलेला बरा, एकदा उधारी वसूल करायला दारोदार फिरलेला माणूस माइक हातात घेतला की जरा अडखळतो.

पहिलं काम बॅनर. त्यावर बल्ब हवाच, बल्बमध्ये मेंदू असला तर अजून छान. तारीखही आयती आहे, 16 जानेवारी, 2016 साली त्या दिवशी स्टार्टअप इंडिया सुरू झालं आणि 2022 पासून तो राष्ट्रीय स्टार्टअप दिवस. हॉल भरायला एफवायची पोरं आणा, अटेंडन्स देतो म्हटलं की मुकाट येतात. आणि फोटो जिओटॅगवालाच काढा बरं का, खाली अक्षांश-रेखांश नसले तर इनोव्हेशन झालंच नाही असं धरतात. 2018 पासून कॉलेजाकॉलेजात इनोव्हेशन कौन्सिल आहे, तिचं स्टार रेटिंग आहे, आणि रेटिंगला रिपोर्ट लागतात.

पाहुणा शक्यतो सरकारी खात्यातून रिटायर झालेला बघा. पेन्शन चालू असली की माणूस रिस्कवर फार मोकळेपणाने बोलतो. तो म्हणेल, "नोकरी मागणारे होऊ नका, नोकरी देणारे व्हा." टाळ्या. या एका वाक्याची किमया बघा, नोकऱ्या का नाहीत हा प्रश्न सरकारचा राहतच नाही, तो समोर बसलेल्या पोराच्या माइंडसेटचा होतो. मागच्या रांगेत गोव्याच्या खाणपट्ट्यातलं, डिचोली-सांगे भागातलं कोणी असेल तर मात्र त्याला प्रश्न विचारू देऊ नका. त्याच्या बापाने बँकेचं कर्ज काढून ट्रक घेतला होता आणि 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, ट्रक अंगणात उभा आणि हप्ते चालूच. आता ही रिस्क नव्हती तर काय होतं? पण ते स्लाइडवर बसत नाही, सोडून द्या.

मग "फेल्युअर सेलिब्रेट करा" हे सेशन. सकाळी हे घ्या, दुपारी इंटर्नलचे मार्क लावा, आणि ज्याची हजेरी 75 टक्क्यांखाली आहे त्याला परीक्षेला बसू देऊ नका, मग तो घरच्या काजूच्या भट्टीवर राबत का असेना.

प्रॅक्टिकलसाठी 9 चौकोनांचा तो बिझनेस मॉडेल कॅनव्हास घ्या आणि पोरांना म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात सोडा. कोकमं विकणाऱ्या एखाद्या मावशीला ती विचारतील, तुमचा टार्गेट कस्टमर कोण, यूएसपी काय. ती म्हणेल, "घेता जाल्यार घे, ना जाल्यार कुशीक सर." हे 'कस्टमर इंटरॲक्शन' म्हणून नोंदवा. सोपो, म्हणजे बाजारात बसायचा कर, भरते, भर पावसात माल झाकते, नेहमीच्या गिऱ्हाइकाला चार जास्त घालते, यातलं काय कुठल्या चौकोनात टाकायचं असं कोणी विचारलं तर वेळ संपली म्हणा. तिला गेस्ट स्पीकर म्हणून बोलवू नका, तिच्याकडे पीपीटी नसते.

शेवटी पोरांच्या आयडियांची स्पर्धा. बक्षीस पोदेर, म्हणजे पाववाला, दारात आला की नोटिफिकेशन देणाऱ्या ॲपला द्या. पोदेराचा भोंपू आख्ख्या वाड्याला ऐकू येतो हे परीक्षकांच्या लक्षात यायच्या आत चहा आणा.

एखादा आगाऊ पोरगा विचारेल, सर, तुम्ही का नाही करत स्टार्टअप? प्रश्न वाईट नाही, कारण केंद्राच्या 2019 च्या स्टार्टअप धोरणात प्राध्यापकांनाही रजा घेऊन स्टार्टअप काढायची मुभा आहे. तुम्ही फक्त हसा. सातवा वेतन आयोग सोडून कोण जातो?

आणि सीड फंडिंग, म्हणजे धंद्याला लागणारा सुरुवातीचा पैसा, गोव्यात नाही असं रडू नका. 2024 मध्ये सरकारी नोकरीसाठी लाखो रुपये मोजल्याची प्रकरणं इथे किती गाजली, तक्रारी झाल्या, अटका झाल्या. म्हणजे घराघरात पैसा आहे, रिस्क घ्यायची तयारी आहे, फक्त प्रॉडक्ट एकच, एलडीसीची, म्हणजे सरकारी कारकुनाची पोस्ट.

तुमचा पोदेर-ॲपवाला विजेताही दोन वर्षांनी परीक्षा देऊन तिथेच लागेल, घरचे गावभर पेढे वाटतील. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, रिपोर्टात 'रोजगारनिर्मिती' असा कॉलम असतो, तिथे 1 लिहा.