चौघांची नावं, एकाचा घाम

'गटाने मिळून लिहा' म्हटलं की माझ्या विद्यार्थ्यांना ऐकू येतं 'वाटून घ्या'. प्रस्तावना तू, मधलं मी, निष्कर्ष तो. आणि संदर्भसूची? ती कुणाचीच नाही! मग शेवटच्या रात्री सगळं एकाखाली एक चिकटवायचं. तीन फॉन्ट, दोन विरुद्ध मतं, आणि वर 'आधी सांगितल्याप्रमाणे'. अरे, आधी काय सांगितलंय ते तुमच्यापैकी कुणी वाचलंय का?

गूगल डॉक्समध्ये व्हर्जन हिस्टरी नावाची चीज असते, बाळांनो. कुणी कधी काय टाइप केलं, सगळं दिसतं! एकाने पहाटेपर्यंत जागून पानंच्या पानं लिहिली, दुसऱ्याने एक स्वल्पविराम हलवला. गुण मात्र दोघांना सारखे हवेत. 'मॅडम, मी आयडिया दिली होती.' कुठली? ग्रुपवर टाकलेला अंगठा?

दोरी ओढणारे वाढले की प्रत्येकाचा जोर घटतो, हे रिंगेलमान नावाच्या फ्रेंच शेती-अभियंत्याने १९१३ मध्येच छापलंय. त्याची माणसं निदान दोरीला हात तरी लावत होती!

आणि एकमेकांच्या मसुद्यावर शेरे लिहा म्हटलं तर? पहिला लिहितो, 'मस्त!' दुसरा त्याखाली, 'सेम.' तिसऱ्याने फाइल उघडलेलीच नाही. चौथा विचारतो, 'लिंक पुन्हा पाठवता का?'