बॉयलरला गेज कळत नाही

“अहो, छोटी गाडी ती, तिला कशाला हवा सरकारी निरीक्षक?” अमेरिकेतल्या पर्यटक नॅरोगेज गाड्यांचा विषय निघाला आणि आज कुणीतरी हे सहज बोलून गेलं. आजूबाजूच्या चौघांनी मानाही डोलावल्या. तेव्हापासून डोकं तापलंय.

19 मार्च 2011. दक्षिण कॅरोलिनातल्या स्पार्टनबर्गमध्ये, क्लीव्हलँड पार्कातली छोटी गाडी रुळावरून घसरली. 6 वर्षांचा एक मुलगा गेला. राज्याच्या निरीक्षकाने काहीच दिवस आधी ती गाडी पास केली होती, तीही न चालवता. का, तर बॅटरी उतरली होती म्हणून!

फेडरल रेलरोड अॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे तिथली संघीय रेल्वे-सुरक्षा संस्था, 24 इंचांपेक्षा कमी गेजच्या (दोन रुळांमधल्या अंतराच्या) गाड्या आपल्या कक्षेत घेतच नाही. त्या जत्रेतल्या पाळण्यांसारख्या राइडमध्ये जमा, म्हणजे राज्याच्या गळ्यात. कोलोरॅडोतली 3 फुटी गेजची ड्युरँगो-सिल्व्हर्टन ही पर्यटक गाडी सार्वजनिक रस्ते ओलांडते, म्हणून ती संघीय नियमांत येते. तेवढीच रुंद गाडी फक्त स्वतःच्या आवारात फिरत असेल, कुठला सार्वजनिक रस्ता ओलांडत नसेल, तर वाफेच्या इंजिनाचे संघीय नियम तिला लागत नाहीत. पण वाफ तीच ना? बॉयलरला गेज कळतं का?

16 जून 1995 ला पेनसिल्व्हेनियात गार्डनर्सजवळ काय झालं ते आठवा. गाडी पूर्ण रुंदीच्या रुळांवरची होती, पण होती पर्यटकांचीच. बॉयलरमधलं पाणी क्राउन शीटच्या खाली गेलं. आग जळते त्या फायरबॉक्सचं हे छत वरच्या पाण्यामुळेच थंड राहतं. ते उघडं पडलं की पोलाद लाल होऊन मऊ पडतं, त्याला धरून ठेवणाऱ्या स्टे-बोल्टवरून सुटतं आणि सगळी वाफ फूटप्लेटवर, म्हणजे चालकाच्या उभं राहायच्या जागेवर येते. तिघे भाजले. क्षार साचून वॉटर ग्लासची, म्हणजे बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचनळीची, वाट अरुंद झाली की काच खोटी पातळी दाखवते, आणि फायरमन त्या खोट्या पातळीवर विसंबून कोळसा टाकत राहतो.

यावरचा उपाय मिनिटभराचा आहे. काचेचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) उघडायचा, पाणी-वाफ जोरात जाऊ द्यायची आणि बंद करायचा. पाणी उसळून लगेच जागेवर आलं पाहिजे. रेंगाळत चढलं तर वाट तुंबत चालली आहे. आग विझवा, खोला, साफ करा. 2000 पासून लागू असलेल्या नियमांत हे रोजचं काम आहे. शिवाय दोन वॉटर ग्लास, क्राउन शीटच्या सर्वांत उंच भागावर किमान 3 इंच पाणी असतानाचीच खालची खूण, 31 सेवादिवसांच्या (इंजिन वापरलेल्या दिवसांच्या) आत बॉयलरचा वॉशआउट, म्हणजे आतून धुणं, दरवर्षी कमाल दाबाच्या सव्वापट पाण्याच्या दाबाने चाचणी, आणि 1472 सेवादिवस किंवा 15 वर्षं, जे आधी येईल तेव्हा, बॉयलर पूर्ण उघडून तपासणी. यातलं काय 15 इंची इंजिनाला नको?

उलट छोट्या गाडीत काही धोके जास्तच. डब्याच्या वजनाच्या मानाने माणसं जड, आणि बसलेली रुळांच्या रुंदीच्या मानाने उंच. वळणावर वेग वाढला आणि सगळे एका बाजूला झुकले की डबा कलंडायला वेळ लागत नाही. ब्रेक फक्त इंजिनाला असेल तर उतारावर भरलेले डबे मागून रेटतात आणि इंजिनाची चाकं घसरतात. म्हणून रिकामी गाडी शेडबाहेर दहा फूट हलवणं म्हणजे चाचणी नव्हे. वाळूच्या पोत्यांनी भरून, सर्वांत तीव्र उतारावर, थांबायला किती अंतर लागतं ते मोजायला हवं. स्पार्टनबर्गला तर ते दहा फूटही हलवलं नव्हतं.

मान्य, यातल्या कितीतरी गाड्या स्वयंसेवक चालवतात आणि वॉशआउट, दाबचाचणी, नवे स्टे-बोल्ट यांचा खर्च त्यांचा दम काढतो. शनिवार-रविवार काजळीत हात घालणाऱ्या त्या माणसांवर माझा राग नाही. त्यांच्यामुळेच ही इंजिनं जिवंत आहेत, आणि सरकारने त्यांना दंडाआधी प्रशिक्षण द्यावं, पैशाचीही मदत करावी. कागद हवे तर अर्धे करा, चालेल.

पण निरीक्षकाची सही गाडी चालवून पाहिल्यानंतरच. बॅटरी उतरली असेल तर तपासणी उद्या, आणि तोवर गाडी शेडमध्ये. शाळेच्या सहली आल्या असतील, तिकिटं विकली गेली असतील, तरी शेडमध्येच.