फाइल आहे, पण वाचता येत नाही

शनिवारी संध्याकाळी सदाशिव पेठेतल्या अमृततुल्यशेजारी, बंद दुकानाच्या पायरीवर आमचा कट्टा भरतो. तिथे लॅपटॉप आणायचा नाही असं ठरलेलं आहे, कारण बंड्या आठवडाभर हिंजवडीत तेच करून आलेला असतो. गेल्या शनिवारी मी आणला, कारण माझं काम अडलं होतं.

माझे वडील भोर तालुक्यात शाळामास्तर होते. निवृत्तीनंतर त्यांनी भातशेतीचे शब्द जमवले. राब, आवण, खाचर, चिखलणी असे जवळपास ६०० शब्द. प्रत्येकापुढे अर्थ, आणि तो शब्द गावात कुणाच्या तोंडून ऐकला ते एक वाक्य. १९९९ साली तालुक्याच्या गावी एका डीटीपीवाल्याकडून, म्हणजे कॉम्प्युटरवर छपाईची पानं जुळवून देणाऱ्याकडून, टाइप करून घेतलं आणि २०० प्रती छापल्या. आज घरात एकच प्रत उरली आहे आणि तिला कसर लागली आहे. फाइल मात्र मी जपली. फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून पेन ड्राइव्हवर. वडील गेल्यावर पुस्तक पुन्हा काढायचं ठरवलं आणि फाइल उघडली, तर पानभर रोमन अक्षरं. मधेच डॉलर, मधेच कंस, मधेच टक्क्याची खूण. एकही शब्द मराठी नाही.

बंड्याने एक नजर टाकली. "फॉन्ट टाक, दिसेल."

"फॉन्टच नाही. त्या माणसाने दुकान कधीच बंद केलं. नेटवर सापडलेले सगळे जुने फॉन्ट लावून पाहिले. अर्धी अक्षरं जुळतात, अर्धी भलतीच येतात."

"म्हणजे त्याने स्वतःच फॉन्टमध्ये फेरफार केले असणार," नाना म्हणाले. "करायचे लोक. एखादं जोडाक्षर नसलं की नको असलेल्या खुणेच्या जागी ते बसवायचे. मीही केलंय."

नानांनी नारायण पेठेत ३० वर्षं डीटीपीचा व्यवसाय केला. त्यांच्याकडे हळहळ व्यक्त करावी तर त्यांनी उलटच प्रश्न केला. "तुला फाइल हवीच कशाला? पुस्तक छापलं ना? आमच्या धंद्यात फाइल म्हणजे मांडवाचे बांबू. लग्न लागलं की काढून टाकायचे. उरायचं ते कागदावर."

"नाना, कागद कसर खातेय."

"मग पुन्हा टाइप कर. ६०० शब्द म्हणजे आठ-दहा दिवसांचं काम."

मला ते लागलं. काम किती आहे हा प्रश्नच नव्हता. मजकूर माझ्याकडे आहे, एकही अक्षर हरवलेलं नाही, तरी तो मराठी उरलेला नाही, हे मला सहन होत नव्हतं. आणि ही एकट्या माझ्या घरातली गोष्ट नाही. त्या काळात टाइप झालेले दिवाळी अंक, गावांचे इतिहास, संस्थांचे अहवाल, कितीतरी लोकांच्या आत्मकथा याच अवस्थेत कुठल्या ना कुठल्या पेटीत पडल्या असतील.

मीनू एका ग्रंथालयात काम करते. तिला हे असं का होतं ते कळत नव्हतं, म्हणून नानांनी पायरीवर बोटाने चौकोन काढत समजावलं. तेव्हाच्या फॉन्टमध्ये जागा २५६. त्यातल्याही सगळ्या वापरता येत नसत. कॉम्प्युटरला त्या जागा रोमन अक्षरांच्या म्हणूनच ठाऊक. मग फॉन्ट बनवणाऱ्यांनी देवनागरीचे तुकडे केले. अर्धा क, अर्धा ख, काना, पहिली वेलांटी, रफार. आणि ते तुकडे रोमन अक्षरांच्या घरांत भाडेकरू ठेवावेत तसे बसवले. कॉम्प्युटर आपला एखादं रोमन अक्षर साठवतो आहे. ते मराठी दिसतं, कारण फॉन्ट त्या जागी मराठी चित्र काढतो. फॉन्ट गेला की चित्र गेलं. त्यात प्रत्येकाची घरं वेगळी, म्हणजे एकाचा मजकूर दुसऱ्याच्या फॉन्टमध्ये वाचता येत नाही.

"आणि हे कुणाला खटकलं नाही?" मीनू म्हणाली.

"खटकलं की! इथेच, गणेशखिंडीत," नाना म्हणाले. सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था १९८८ साली पुण्यात सुरू झाली. परम महासंगणकामुळे तिचं नाव झालं, पण भारतीय लिप्यांसाठी जिस्ट नावाचं कामही तिथे चाललं होतं. कॉम्प्युटरमध्ये जिस्टचं कार्ड बसवलं की देवनागरी टाइप करता यायची. अक्षरांना क्रमांक कसे द्यायचे याचं इस्की हे भारतीय मानक १९९१ साली ठरलं. त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना एकेक ठरलेला क्रमांक देणाऱ्या मानकाची, पहिली आवृत्ती आली, आणि त्यातली देवनागरीची मांडणी इस्कीच्याच १९८८च्या आराखड्यावरून घेतलेली आहे. म्हणजे आज फोनवर आपण 'क' उमटवतो त्याच्या क्रमांकामागे इथल्या माणसांचं डोकं आहे. हे सांगताना नानांचा आवाज बदलला होता. मलाही ते ऐकून बरं वाटलं आणि रागही आला.

"मग तुम्ही ते वापरलं का नाही?" मी विचारलं.

"कारण छापखान्याला प्लेट लागते. पेजमेकरला, म्हणजे पानं मांडायच्या आमच्या सॉफ्टवेअरला, इस्की कळत नव्हतं, युनिकोड कळत नव्हतं. जोडाक्षरं तुटायची. गिऱ्हाईक उद्या सकाळी पत्रिका मागतंय, त्याला मी काय मानक दाखवू? जे नीट छापलं जायचं ते वापरलं."

त्या काळापुरते नाना बरोबर आहेत, हे मी कट्ट्यावरच कबूल केलं. मला मान्य नाही ते नंतरचं. फेब्रुवारी २००० मध्ये विंडोज २००० आलं, त्यात मंगल हा युनिकोड फॉन्ट होता. माझ्या वडिलांची फाइल त्याच्या जेमतेम एक वर्ष आधीची. तेव्हापासून हळूहळू वाट मोकळी होत गेली, तरी कित्येक ठिकाणी हाताला सवय आहे म्हणून जुनेच फॉन्ट चालू राहिले. ज्यांच्याकडे जुन्या फाइली होत्या त्यांनी त्या बदलून घेतल्या नाहीत, कारण छापून झालेल्या पुस्तकाची फाइल कुणी मागत नव्हतं. ते बदलून घेणं आपलं काम आहे असं कुणालाच वाटलं नाही, मलासुद्धा.

बंड्या इतका वेळ गप्प होता, कारण तो फोनवर काहीतरी करत होता. मी सोबत आणलेल्या छापील प्रतीचा त्याने फोटो काढला आणि त्यातला मजकूर ओळखून दाखवला. "हे बघ. एका मिनिटात. फाइलचा नाद सोड. फोटो काढ, एआय वाचेल. फॉन्ट-बिंट सगळं इतिहासजमा."

आम्ही तिघं फोनवर वाकलो. लांबून पाहिलं तर खरंच छान होतं. जवळून वाचलं तर 'राब'चा 'राव' झाला होता. 'आवण'चं 'श्रावण' झालं होतं. 'दऱ्या'चा 'दर्या' झाला होता, म्हणजे डोंगरातल्या दऱ्यांच्या जागी समुद्र आला होता.

"शंभरात पाच चुका," बंड्या म्हणाला. "तेवढ्या तपासून घे."

इथे माझा आवाज चढला. कादंबरीत शंभरात पाच चुका झाल्या तर वाचणारा संदर्भाने सावरून घेईल. हा शब्दसंग्रह आहे. यंत्राला जो शब्द माहीत नाही तो ते माहितीतल्या शब्दाकडे ओढतं, आणि वडिलांनी तर नेमके माहीत नसलेले शब्दच गोळा केले होते. चूक झाली ती बरोबर तिथेच झाली जिथे व्हायला नको होती. 'श्रावण' वाचून कुणालाही शंका येणार नाही. तो शब्द धडधाकट दिसतो. आवण म्हणजे राबात, रोपांसाठी भाजून तयार केलेल्या जमिनीत, उगवलेली, लावणीसाठी उपटायची भाताची रोपं, हे ज्याला माहीत आहे त्यालाच तिथे काय मेलं ते कळेल.

बंड्या ऐकून घेणारा आहे, हे त्याच्याबद्दल मला फार आवडतं. तो म्हणाला, "आणि ते यंत्र शिकतं कशावर? नेटवर जी मराठी मजकूर म्हणून आहे तिच्यावर. तुझ्या बाबांची फाइल उद्या कुणी जशीच्या तशी टाकली तर यंत्राला ती मराठी वाटणारच नाही. कचरा वाटेल."

मीनूने लगेच धरलं. तिच्याकडे रोज वाचक येतात, अमुक विषयावर मराठीत काही नाही का विचारतात. असतं. पण स्कॅन केलेलं असतं, म्हणजे पानाचं नुसतं चित्र, शोधायला गेलं तर हाती लागत नाही. तिने एक गोष्ट सांगितली ती मलाही नवी होती. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे २००८ साली आलं. त्याआधी लोक 'अ' लिहून त्यावर चंद्र काढत, आणि अजूनही दोन्ही पद्धती चालतात. डोळ्यांना दोन्ही सारखे, कॉम्प्युटरला वेगळे. त्यामुळे 'ॲ'ने सुरू होणारं पुस्तक एका पद्धतीने शोधलं तर सापडतं, दुसऱ्या पद्धतीने नाही. "३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आम्ही पेढे वाटले," ती म्हणाली. "मी त्याच दिवशी यादीतल्या 'ॲ'च्या नोंदी एकसारख्या करायला घेतल्या. अजून चालू आहे."

रोमन लिपीत मराठी लिहिण्यावरूनही थोडं वाजलं. बंड्या अजून तसंच लिहितो. त्याचं म्हणणं, पूर्वी एसएमएसमध्ये इंग्रजी १६० अक्षरं मावायची आणि देवनागरी ७०, पैसे आपलेच जायचे, तेव्हापासून बोटांना वळण लागलं. कारण खरं आहे. पण आता कुणी अक्षरं मोजत नाही, तेव्हा वळण बदलायला हरकत नाही, एवढंच मी म्हणालो. त्यावर फार ताणलं नाही.

दुसरा चहा आला तेव्हा नानांनी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. चष्मा कपाळावर सरकवून ते त्या रोमन ढिगाऱ्याकडे बघत राहिले. मग त्यांची बोटं गुडघ्यावर हलायला लागली. हळू, मग भराभर. "थांब," ते म्हणाले, "ही टाइपरायटरची मांडणी आहे." आणि वाचायला लागले. "खाचर. बांध घातलेलं भाताचं शेत. पाणी... पाणी धरून ठेवण्यासाठी..."

आम्ही तिघंही गप्प झालो. नानांनी १९७०च्या दशकात मराठी टायपिंगच्या ३० आणि ४०च्या परीक्षा दिल्या होत्या. कुठल्या रोमन कळीवर कुठला मराठी तुकडा असतो हे त्यांच्या डोक्यात नव्हतं, बोटांत होतं. फाइलमधलं रोमन अक्षर म्हणजे त्यांच्यासाठी एक कळ, आणि कळ म्हणजे बोटाची एक हालचाल. मघापासून फाइल कशाला हवी विचारणारा हाच माणूस माझ्या वडिलांचं पान मोठ्याने वाचत होता.

बंड्याने फोन खिशात टाकला. "नाना, सावकाश सांगा. मी तक्ता करतो." मग पाऊण तास तेच चाललं. नाना कळ सांगत, बंड्या तिच्यापुढे मराठी तुकडा लिहीत जाई. 'ख' म्हणजे अर्धा ख आणि पुढे एक उभा दंड, दोन कळा. म्हणून 'खाचर'च्या सुरुवातीला दंडाची कळ दोनदा येते, एक ख पुरा करायला आणि एक कान्याची.

अवघड निघाली ती पहिली वेलांटी. टाइपरायटरवर ती डावीकडे दिसते म्हणून आधी मारायची. युनिकोडमध्ये ती उच्चाराप्रमाणे व्यंजनानंतर येते. 'स्थिती' लिहिताना ती स आणि थ दोघांच्याही पलीकडे न्यावी लागते. रफाराचं नेमकं उलट. टाइपरायटरवर 'सर्प'मधला रफार प नंतर मारायचा, युनिकोडमध्ये र आधी येतो. बंड्याने दोन नियम लिहिले, चालवून पाहिले, 'चिखलणी'ची वेलांटी जागच्या जागी बसली आणि तो पायरीवरून उठून उभाच राहिला.

'दऱ्या'मधला र मात्र सापडेना. नानांच्या यंत्रावर तो ज्या कळीवर होता तिथे या फाइलमध्ये दुसरंच काही येत होतं. त्या डीटीपीवाल्याने तो कुठल्या तरी भलत्या घरात ठेवला असणार. आचार्याला आणि आचाऱ्याला वेगळं ठेवणारा तो र टाकून पुढे जायचं नाही, यावर चौघांचंही एकमत होतं.

"छापील प्रत काढ," मीनू म्हणाली. "'दऱ्या' कुठल्या पानावर होता ते बघू, आणि फाइलमध्ये त्याच जागी काय आहे ते बघू."

मी प्रत उघडली. पानाचा कोपरा कसरीने खाल्ला होता, ओळ शाबूत होती. अमृततुल्यवाल्याने बाहेरचा दिवा आमच्या बाजूला वळवून दिला. बंड्या फाइलमध्ये ओळ मोजत खाली येत होता, नाना त्याच्या खांद्यावरून बघत होते, आणि मी वडिलांचं वाक्य एकेक अक्षर सुटं करून वाचत होतो.