160 पीएसआयचा हट्ट रस्त्यावर कशाला?

सायकलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक सल्ला फिरत असतो: ट्रॅकवरचे रायडर सगळ्यांत वेगवान, ते बारीक टायर 160 पीएसआयच्या (पीएसआय म्हणजे हवेच्या दाबाचं माप) वर फुगवतात, तेव्हा रस्त्यावरही टायर जितका बारीक आणि कडक तितका वेग जास्त. ट्रॅकचेच टायर घ्या, हलके असतात. पावसाळ्यात तेवढा नक्षीवाला लावा.

कडकपणा ट्रॅकवर बरोबरच आहे. दिल्लीच्या इंदिरा गांधी संकुलातला 250 मीटरचा ट्रॅक लाकडी, गुळगुळीत. तिथल्या तिरप्या वळणात ताशी 60 ने शिरलं की टायरवरचा भार साधारण दीडपट होतो. हवा कमी असेल तर टायर कुशीवर लोळेल. डांबरी रस्त्यावर खडीचे दाणे असतात, ठिगळं असतात. (खड्ड्यांबद्दल बोलतच नाही.) थोडा दबणारा टायर हे सगळं पोटात घेतो. कडक टायर प्रत्येक दाण्यावर सायकलीसकट माणसाला उचलतो आणि पायांनी लावलेला जोर हादऱ्यांत जिरतो. त्या हादऱ्यांनाच आपण वेग समजतो.

बारीक टायर रस्त्याला कमी टेकतो असंही सांगतात, तेही खरं नाही. हवा सारखी असेल तर टेकणारं क्षेत्रफळ जवळपास तेवढंच. रुंद टायरचा ठसा आखूड आणि आडवा पडतो, टायर कमी चेपतो, म्हणून उलट सोपा फिरतो. वारा कापायला बारीक टायर बरा, हे मान्य. तरी रस्त्यावरच्या शर्यतींचे व्यावसायिक रायडर 23 मिलिमीटर रुंदीचे टायर सोडून 28 वर आलेत, फ्रान्सच्या पॅरिस-रुबे शर्यतीतल्या दगडी रस्त्यांवर 30 च्याही वर. आणि रिम हुकलेस (कडेला टायर धरणारी आतली खाच नसलेली) असेल तर 160 चा विषयच संपला: कमाल 5 बार, म्हणजे 72 पीएसआय. त्यापुढे टायर रिममधून उडू शकतो.

हलकेपणाचं म्हणाल तर ट्रॅकच्या टायरला बहुधा पंक्चर अडवणारा पट्टाच नसतो. बाभळीचा एक काटा पुरे.

नक्षी मोटारीला लागते, कारण तिचा रुंद टायर पाण्यावर तरंगू शकतो. 80 पीएसआयचा सायकल टायर तसा तरंगायला ताशी 140 च्या पुढे जावं लागेल. कात्रज घाट उतरतानाही ते जमायचं नाही. ओल्या रस्त्यावर पकड देतं ते चांगलं रबर आणि थोडी कमी हवा.

वजन 70 किलोच्या आसपास असेल तर 28 च्या टायरला मागे 70, पुढे 65 पीएसआयपासून सुरुवात करा. पाऊस असेल तर दोन्हीकडे पाचेक कमी.