मलाक्काला एक रात्र द्या

नागपूरच्या वर्तमानपत्रांत मलेशियाच्या सहलींच्या ज्या जाहिराती येतात, त्यांत क्वालालंपूरच्या जुळ्या मनोऱ्यांचे चित्र मोठे असते आणि त्याखाली व्हिसा, शाकाहारी भोजन वगैरेंच्या रांगेत ‘मलाक्का दर्शन’ एवढे दोन शब्द असतात. अशाच एका गटाबरोबर मी आणि सौ. नुकतेच जाऊन आलो. सहल चांगली झाली, हे आधीच नमूद करतो. परंतु तिच्या वेळेची वाटणी साफ उलटी होती असे माझे ठाम मत झाले आहे, आणि येत्या हंगामात जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी ते सविस्तर मांडावेसे वाटते.

मार्गदर्शकाबरोबरच्या सहलींना नाके मुरडणाऱ्यांपैकी मी नाही. नागपूरहून निघून वाटेत विमान बदलायचे, परक्या देशात गुडघेदुखी सांभाळत फिरायचे आणि जेवणाचीही चिंता करायची, हे साठीनंतर सगळ्यांना झेपत नाही. शिवाय चांगला मार्गदर्शक अनोळखी भिंतीला बोलके करतो. आमच्याबरोबरचे तमिळ वंशाचे मलेशियन गृहस्थ तसेच होते, त्यामुळे तक्रार त्यांच्याविषयी नाही. त्यांच्या हाती दिलेल्या वेळापत्रकाविषयी आहे.

क्वालालंपूर स्वतःची ओळख लवकर करून देते. 1857 साली कथिलाच्या खाणकामगारांनी क्लांग आणि गोंबाक या नद्यांच्या संगमाजवळ वस्ती केली, पुढे कथिल आणि रबर यांच्या पैशावर ती वाढली. 1998 मध्ये पूर्ण झालेले पेट्रोनास मनोरे 452 मीटर उंच आणि 88 मजली आहेत. त्यांना जोडणारा पूल 41व्या व 42व्या मजल्यांवर आहे. त्यांच्यापुढे मान वर करून उभे राहिले की जे समजायचे ते बहुतेक समजते. बाटू गुंफांच्या 272 पायऱ्या आणि पायथ्याची मुरुगनाची, म्हणजे कार्तिकेयाची, सोनेरी मूर्ती यांत एक सकाळ सुखाने जाते. मर्डेका चौकासमोरची सुलतान अब्दुल समद इमारत 1897 सालची. इंग्रजांनी तेथे घुमट आणि कमानी थेट हिंदुस्थानी वळणाच्या बांधल्या आहेत. तरीही आमच्या कार्यक्रमात बहुतेक दिवस याच शहराला, म्हणजे खरे तर त्याच्या मॉलना, दिलेले होते.

मलाक्का तेथून सुमारे 150 किलोमीटरवर, बसने दोन तासांच्या अंतरावर आहे, आणि त्याला मिळाली एक भर दुपार.

हे गाव मुळात वाऱ्याची वाट पाहत थांबलेल्या लोकांनी घडवले. 1400च्या सुमारास परमेश्वर नावाच्या सुमात्राकडील राजपुत्राने ते वसवले आणि भारत व चीन यांच्यामधल्या सामुद्रधुनीवरचे ते मोठे बंदर झाले. ज्या नैर्ऋत्य मोसमी वाऱ्याकडे आपण विदर्भात जूनमध्ये डोळे लावून बसतो, त्याच वाऱ्यावर गुजरात आणि चोळमंडलाच्या किनाऱ्यावरची जहाजे येथे पोहोचत. परतायचे तर ईशान्येचा वारा सुटेपर्यंत थांबणे भाग असे. चिनी जहाजांचे नेमके उलट. त्यामुळे हजारो व्यापारी येथे महिनोन्महिने मुक्काम करीत, आणि त्यांच्या व्यवहारासाठी सुलतानांनी चार शाहबंदर, म्हणजे बंदराचे अधिकारी, नेमले होते, त्यांतला एक केवळ गुजरात्यांसाठी. काहींनी येथेच लग्ने केली. त्यांतून चिनी वंशाचे बाबा-न्योन्या आणि तमिळ वंशाचे, घरी मलय बोलणारे पण शिवभक्त राहिलेले चेट्टी, असे समाज निर्माण झाले. मुक्कामातूनच जन्मलेले हे गाव आम्ही बसचालकाच्या घड्याळाकडे पाहत पाहिले.

सेंट पॉलच्या टेकडीवर तर माझा जीव अडकला होता. पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द अल्बुकर्कने 1510 साली गोवा घेतला आणि पुढच्याच वर्षी मलाक्का. ज्या सेंट फ्रान्सिस झेवियरचे अवशेष आपण जुन्या गोव्यात पाहतो, त्याचा देह गोव्यास नेण्यापूर्वी 1553 मध्ये काही महिने याच टेकडीवरच्या चर्चमध्ये पुरलेला होता. ती रिकामी कबर आजही दाखवतात. चर्चला छप्पर नाही, भिंतींना टेकवून डच काळातील भल्यामोठ्या समाधिशिला उभ्या आहेत, आणि खाली पोर्तुगीज किल्ल्याचे एकटे दार उरले आहे. त्यावर 1670 हे साल आणि डच ईस्ट इंडिया कंपनीचे चिन्ह आहे, कारण 1641 मध्ये गाव डचांनी जिंकले होते. इंग्रजांनी 1807 साली किल्ला पाडायला घेतला, आणि तेवढे दार स्टॅम्फर्ड रॅफल्स या इंग्रज अधिकाऱ्याच्या मध्यस्थीने वाचले असे सांगतात. एका दारापुढे तीन साम्राज्यांचा हिशेब लागतो, आणि आमच्या वाट्याला तेथे छायाचित्रापुरता वेळ आला.

खाली लाल रंगाचा डच चौक आहे. 1650च्या सुमाराचे स्टॅडहाउस म्हणजे डचांचे नगरभवन, 1753 सालचे क्राइस्ट चर्च, आणि त्यांच्यासमोर प्लास्टिकच्या बाहुल्यांनी मढवलेल्या, कर्कश गाणी वाजवणाऱ्या सायकलरिक्षा. (आपल्या गणेशोत्सवातील ध्वनिक्षेपकांना नावे ठेवणाऱ्यांनी एकदा तेथे उभे राहावे.) खरे गाव मात्र नदीपलीकडे आहे. तेथील घरे रस्त्याकडे अरुंद आणि आत खोलच खोल. मध्ये उजेड-वाऱ्यासाठी मोकळा चौक. आमच्या गटातील, नागपूरच्या महाल भागातल्या एक काकू उंबरठ्यातूनच म्हणाल्या, “हे तर आपल्या वाड्यासारखंच आहे ना जी, आतून पाहू द्या ना!” आतून पाहायला वेळ नव्हता. त्याच भागात 1781 सालचे विनायकाचे मंदिर, 1748 सालची कंपुंग क्लिंग मशीद आणि चेंग हून तेंग हे चिनी मंदिर चालत काही मिनिटांच्या अंतरात आहेत. मशिदीचे छप्पर उतरत्या टप्प्यांचे आहे आणि मनोरा एखाद्या पॅगोडासारखा. गणपतीला जाऊन आलो, बाकीची दोन बाहेरून पाहिली. 2008 मध्ये युनेस्कोने या गावाला जागतिक वारसा म्हटले, ते या गल्ल्यांसकटच.

यावर कंपन्यांचे ठरलेले उत्तर असते की लोकांना मनोरे आणि खरेदीच हवी असते. मला ते अर्धेच खरे वाटते. लोकांना जे चित्र दाखवले जाते ते ते मागतात. आपल्या कामठीची छावणी 1821 सालची आहे, पण नागपूर दर्शनाच्या बसमधून ती कोणी दाखवत नाही, म्हणून कोणी मागतही नाही. दुसरी अडचण भारतीय जेवणाची. आमचा दुपारचा मोठा भाग गावाबाहेरच्या एका भोजनगृहात पनीर आणि जिरा राइस यांच्या प्रतीक्षेत गेला. मलाक्कात तमिळ वस्ती असल्याने केळीच्या पानावरचे शाकाहारी जेवण गावातच मिळू शकते. तेवढ्यासाठी साठ माणसांची बस फिरवण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट उन्हाची. दुपारी त्या दमट हवेत नागपूरकरही हरतो, आणि नेमके तेव्हाच आम्हांला चालवले गेले. ऊन उतरल्यावर नदीकाठ चालण्याजोगा होतो, आणि जोंकर रस्त्यावरचा रात्रबाजार शुक्रवार, शनिवार व रविवार या संध्याकाळीच भरतो. तो मांडला जात असताना आमची बस क्वालालंपूरच्या वाटेला लागली होती.

म्हणून बुकिंग करताना तारांकित हॉटेलांची नावे विचारण्यापूर्वी दोन प्रश्न विचारावेत: मलाक्कात रात्रीचा मुक्काम आहे का, आणि तो आठवड्याच्या कोणत्या वारी येतो. ‘नाही’ असे उत्तर आले, तर क्वालालंपूरमधील खरेदीचा दिवस कापून तो द्यायला सांगावे. दहा-बारा कुटुंबांनी मिळून मागणी केली तर कार्यक्रम बदलता येतो, असे आमच्या टूर मॅनेजरनेच परतीच्या प्रवासात मान्य केले.